कुलपाबाहेरचा रंग

"उघड ती पिशवी!" ताई म्हणाली.

"नाही उघडणार!" बारक्या म्हणाला.

"उघड म्हणते ना!"

"पिशवी माझी आहे!"

ताईने पिशवी खेचली, बारक्याने तिचा बंद धरून ठेवला. ताई तेरा वर्षांची आणि बारक्या नऊचा, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. पिशवी गादीवर उलटी झाली. तिच्यातून दोन मोजे पडले, तेही दोन वेगळ्या जोड्यांतले. मग एक पक्ष्याचं पीस, काही गुळगुळीत खडे, अर्धी पेन्सिल आणि सगळ्यात शेवटी एक गोळी. पारदर्शक कागदात गुंडाळलेली, लालभडक!

खोलीतल्या सगळ्या मुली आणि दारात डोकावणारी मुलं एकदम गप्प झाली. रेडिओसुद्धा गप्प झाली, आणि ती गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. ही मुलगी झोपेतसुद्धा बातम्या देते असं सगळे म्हणत, म्हणून तर तिचं नाव रेडिओ पडलं होतं.

"मी ती खात नाही!" बारक्या ओरडला. त्याचा वरचा ओठ सुजला होता आणि मानेवर, हातांवर, कानामागे पित्ताच्या लाल गांधी उठल्या होत्या. खाजवून खाजवून त्याने दंड ओरबाडून घेतला होता.

"खात नाहीस, मग काय लोणचं घालणार आहेस तिचं?" ताईने विचारलं.

"बघतो. उन्हात धरून बघतो नुसती. छान दिसते."

यावर दारातली मुलं फिदीफिदी हसली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण या शिबिरात बारक्याला आणायची गळ आईला तिनेच घातली होती. बारक्याला दुकानातले खायचे रंग चालत नाहीत. सरबतातला, जेलीतला, केकवरचा असा कुठलाही रंग पोटात गेला, की त्याच्या अंगावर हा असा नकाशा उमटतो. म्हणून आजवर तो कुठे सहलीला गेला नव्हता. कोणाच्या वाढदिवसाला गेला, तर घरचा डबा उघडून कोपऱ्यात बसायचा. पण या शिबिराच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं : कृत्रिम रंग न चालणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र टेबल, स्वतंत्र स्वयंपाक! आई तरीही हो-नाही करत होती. शेवटी ताई म्हणाली होती, "मी आहे ना त्याच्याबरोबर! माझ्यावर सोड." आणि आईने सोडलं होतं. आता एका आठवड्यात त्याच्या अंगावर पित्त उठायची ही तिसरी खेप होती.

"काय गर्दी आहे इथे?" मागून आवाज आला. मोठ्या बाई! शिबिराच्या प्रमुख त्याच होत्या. त्यांनी गर्दीतून वाट काढली, गादीवरची गोळी पाहिली आणि मान हलवली. "वाटलंच होतं मला. आणि हा रोज छातीवर हात ठेवून सांगतो, मी फक्त टेबलावरचंच खातो म्हणून!"

त्यांच्यामागून केटररकाकाही आले. हा मनुष्य आडवातिडवा, हसतमुख आणि मुलांचा लाडका. "सापडला का चोर? रंगेहाथ पकडला म्हणायचा!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. सगळी मुलंही हसली. बारक्या तेवढा हसला नाही.

"ही गोळी कुठून घेतलीस?" बाईंनी विचारलं.

"दिली एकाने."

"आणि बाकीच्या? त्या पोटात गेल्या, होय ना?"

"बाकीच्या नव्हत्याच! ताई, तू सांग ना यांना!"

ताई गादीवरचे मोजे गोळा करायला लागली. गोळी तर तिनेच स्वतःच्या हाताने पिशवीतून बाहेर काढली होती. ती काय सांगणार?

"रविवारी पालकभेट आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आई येईल, तिच्याबरोबर याने घरी जायचं. तोपर्यंत आजारी मुलांच्या खोलीत राहायचं. उगाच आमच्या टेबलाचं नाव खराब व्हायला नको."

संध्याकाळपर्यंत बारक्याला नवीन नाव मिळालं होतं : उंदीर. चोरून कुरतडतो म्हणून!

---

शिबिर एका शाळेत भरलं होतं. बाकं एकावर एक रचून वर्गांच्या खोल्या केल्या होत्या. आजारी मुलांची खोली म्हणजे एरवीची नकाशांची खोली. तिथे एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळी मुलं नावेत बसायला तलावावर गेली. ताई मात्र गेली नाही. ती त्या खुर्चीत जाऊन बसली.

भावाची दया आली म्हणून ती थांबली असं कोणाला वाटेल. पण खरं सांगायचं तर ती पहाऱ्यालाच बसली होती. पुन्हा याने काही तोंडात टाकलं आणि आईसमोर नाक कापलं गेलं, तर? म्हणून ती त्याच्याशी अवाक्षर न बोलता दिवसभर त्याच्यावर डोळे लावून बसली.

सकाळी पाव आणि दूध आलं. दुपारी साध्या टेबलावरचं, म्हणजे बिनरंगी स्वयंपाकाचं ताट आलं. त्यात गुलाबी सूप, उकडलेले बटाटे, पाव आणि चॉकलेट पुडिंगच्या दोन वाट्या होत्या. ताट घेऊन स्वतः केटररकाका आले होते. "बाकीच्यांना लाल जेली आहे, हिरवं सरबत आहे, या बिचाऱ्याला त्यातलं काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणून मी याला नेहमी दोन वाट्या देतो. खा रे उंदरा, पोटभर खा!"

बारक्याने दोन्ही वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. मग तो पडून राहिला. मुलं तलावावरून आरडाओरडा करत परत आली, त्या सुमाराला तो मान खाजवायला लागला. ताई उठून जवळ गेली. मानेवर गांधी उठल्या होत्या. बघता बघता त्या पोटावर पसरल्या आणि ओठ पुन्हा फुगला. डॉक्टर आले. त्यांनी औषध दिलं आणि जाताना सांगितलं, "रंगच गेलाय पोटात. लक्ष ठेवा जरा."

"पण मी लक्ष ठेवून होते!" ताई म्हणाली. "सकाळपासून हा खोलीबाहेर गेलेला नाही! आलं त्या ताटातलंच खाल्लंय याने!"

डॉक्टर तोवर निघून गेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "कोणीतरी खिडकीतून दिलं असेल. तू काय डोळ्यात तेल घालून बसली होतीस?"

"हो!" ताई म्हणाली. "अगदी तसंच बसले होते!"

बारक्या उशीत तोंड खुपसून पडला होता. तो मान न उचलता म्हणाला, "आता तरी पटलं का तुला?"

---

जेवणानंतर ताईने रेडिओला आणि ढापण्याला जिन्याखाली बोलावलं. ढापण्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या, आणि तो फार कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचं रेडिओच बोलून टाकायची.

"विषप्रयोग!" रेडिओ म्हणाली. "मी सांगते, विषप्रयोगच! केटररकाकांचा कोणीतरी शत्रू आहे, तो रात्री येऊन..."

"हळू बोल गं!"

"हळूच बोलतेय!"

"रंग ताटातूनच येतोय," ताई म्हणाली. "पण कुठल्या पदार्थातून?"

"काकांनाच विचारू," ढापण्या म्हणाला.

तिघं गेली आणि त्यांनी विचारलं. गंमत म्हणजे केटररकाका जराही रागावले नाहीत. उलट त्यांनी मोठ्या हौसेने स्वयंपाकघर दाखवलं. ते बघून तिघं गारच पडली. साध्या टेबलाची पातेली वेगळी, आणि प्रत्येकाच्या कडीला पांढरी नाडी बांधलेली. डाव वेगळे, फडकी वेगळी, सुरीसुद्धा वेगळी! रंगांच्या बाटल्या एका लोखंडी कपाटात कुलपात होत्या. किल्ली काकांच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली.

"अंघोळीलासुद्धा काढत नाही!" काका म्हणाले. "लाल, हिरवा, पिवळा, केशरी, जांभळा, सगळे रंग आत. माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. आणि ते गुलाबी सूप ना, ते बिटाचं आहे. या माझ्या हातांनी बीट किसलंय! आता बोला!"

तिघंही बाहेर आली.

"इतकी काळजी तर आपली आईपण घेत नाही," रेडिओ पुटपुटली.

अंगणात एक छोटी मुलगी एकटीच गोल गोल पळत होती. ती भिंगरी. साध्या टेबलावर बारक्याबरोबर ही एकटीच बसायची. हिच्या अंगावर काही उठायचं नाही, पण रंग पोटात गेला की तिच्या हातापायांत जणू मुंग्या भरायच्या. जागेवर बसवायचं नाही, झोप लागायची नाही. आठवडाभर तिला रोज कोपऱ्यात उभं केलं जात होतं.

"आज पण शिक्षा झाली?" ताईने विचारलं.

"हो! मी गोष्ट ऐकताना सात वेळा उठले! मला उठायचं नव्हतं, पण उठलेच!" असं म्हणत भिंगरी पुढे पळालीसुद्धा.

ताईने ढापण्याकडे पाहिलं आणि ढापण्याने ताईकडे.

"ही काही चोरून खात नाही," ढापण्या म्हणाला. "हिला खिशात हात घालायलासुद्धा थांबता येत नाही."

---

युक्ती ताईला सुचली. तिची मावशी लोकर रंगवायचं काम करायची, आणि सुट्टीत ताई तिच्याकडे तासन्‌तास बसायची. एकदा मावशीने गंमत म्हणून बाजारच्या सरबतात लोकर उकळली होती. त्यात थोडं व्हिनेगर घातलं होतं. ते सरबत पाण्यासारखं नितळ झालं आणि सगळा रंग लोकरीने पिऊन टाकला. साबणाने कितीही धुतली, तरी ती लोकर लालच्या लाल! मग मावशीने बिटाच्या पाण्यात दुसरी लोकर उकळली. ती गुलाबी झाली, पण साबणाचा हात लागताच सगळी गुलाबी ऐट उतरली.

"म्हणजे लोकर चहाडी करते!" रेडिओ म्हणाली. "पण लोकर आणणार कुठून?"

ताईने बॅगेतून स्वतःची टोपी काढली. मावशीने विणलेली, रंग न दिलेल्या पांढऱ्या लोकरीची. तिने दोऱ्याचं टोक शोधलं आणि सरळ ओढायला सुरुवात केली.

"अगं, अगं!" रेडिओ ओरडली. "किती छान होती!"

"भाऊपण छान आहे माझा," ताई म्हणाली आणि ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना तिघं हस्तकलेच्या खोलीत शिरली. तिथे मेणबत्त्या करण्यासाठी विजेची शेगडी होती. साध्या टेबलावरून प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा नमुना ढापण्याने पेल्यांत जमवून आणला होता. व्हिनेगर रेडिओने मागून आणलं होतं. मागताना तिने आचाऱ्याला पाय मुरगळल्याची एवढी लांबण लावली, की त्याने कंटाळून अख्खी बाटलीच देऊन टाकली. मग पाणी गरम झालं आणि लोकरीचे तुकडे बुडाले. कुठला तुकडा कशातला हे कळावं म्हणून ताईने प्रत्येकाला वेगवेगळ्या गाठी मारल्या होत्या.

थोड्या वेळाने तुकडे काढून तिने ते साबणाने खसाखसा धुतले. सूपमधला तुकडा पांढरा झाला. बटाट्याचा पांढरा. पावाचा पांढरा. आणि पुडिंगमधला?

"घास, अजून घास!" रेडिओ म्हणाली.

"किती घासू? हात गेले माझे!"

पुडिंगमधला तुकडा तपकिरीच राहिला. खिडकीपाशी नेऊन पाहिला तर त्याला लालसर झाक होती.

"चॉकलेटचा रंग असेल तो," ढापण्या म्हणाला.

"खरा कोको साबणाने जातो. शर्टावर सांडलेला जातो ना? हा जात नाहीये." ताईने तुकडा पुन्हा उजेडात धरला. "आणि मावशीकडे तपकिरी रंग बनवतात तो लाल, पिवळा आणि निळा मिसळून. लाल आणि पिवळा! बारक्याला सगळ्यात जास्त त्रास ज्यांचा होतो ते!"

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दबा धरून बसली. आचाऱ्याने दूध तापवलं, साखर घातली, चिमूटभर कोको घातला. मग मिठाच्या बरणीशेजारचा, उघड्या फळीवरचा एक डबा घेतला आणि त्यातली भुकटी चमच्याने पातेल्यात सोडली. फिकट पुडिंग बघता बघता गडद झालं. पातेल्याच्या कडीला पांढरी नाडी होती.

काल हाच डबा त्यांच्या नाकासमोर होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

---

तिघं धावत मोठ्या बाईंकडे गेली. बाई रविवारच्या तयारीत होत्या. पालकांच्या खुर्च्या, फलक, भाषण, सगळं एकाच वेळी चाललं होतं. त्यांनी लोकरीचा तुकडा दोन बोटांत धरला आणि परत दिला.

"हे बघ," त्या ताईला म्हणाल्या, "भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण म्हणून सज्जन माणसावर चिखल उडवायचा? पुडिंग तपकिरी नसेल तर काय निळं असेल?"

"बाई, तो डबा एकदा बघा तरी!"

"बस! या विषयावर मला एक शब्द ऐकायचा नाहीये. आणि पालकांसमोर तर मुळीच नाही."

ताईने मग एकच केलं. बारक्याच्या आणि भिंगरीच्या पुडिंगच्या वाट्या ती गुपचूप झाडाच्या बुंध्याशी ओतायला लागली. दोन दिवसांत बारक्याचं अंग स्वच्छ झालं. भिंगरीने अख्खी गोष्ट मांडी न मोडता ऐकली. ताईला वाटलं, आता तरी बाईंचे डोळे उघडतील!

मोठ्या बाईंनी बारक्याचा गाल थोपटला. "बघ," त्या म्हणाल्या, "चोरी थांबली आणि अंग कसं बरं झालं!"

बारक्या आता कोणाशीच बोलत नव्हता. जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा आणि नकाशांच्या खोलीत परत जायचा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" रेडिओ दात ओठ खात म्हणाली. "आता काय करायचं?"

"बाई म्हणाल्या, शब्द काढायचा नाही," ताई म्हणाली. "ठीक आहे. मी शब्द काढणारच नाही. जादू दाखवेन."

---

रविवारी पालक आले. आईही आली. मोठ्या बाईंनी तिला दारातच बाजूला घेतलं आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. ताई लांबून बघत होती. आईचा चेहरा पडत गेला. मग आई बारक्यापाशी आली, त्याचा शर्ट नीट केला आणि म्हणाली, "चल, सामान भरलंस ना?" ओरडली असती तरी बरं झालं असतं.

कार्यक्रम सुरू झाला. गाणी झाली, नाटुकलं झालं आणि मग रेडिओने माइक हातात घेतला. "आता पाहा धुलाईची जादू!"

टेबलावर मेणबत्त्यांची शेगडी होती आणि तिच्यावर दोन भांडी. एका भांड्यात त्या दिवशीचं बिटाचं सूप, दुसऱ्यात पुडिंग गरम पाण्यात कालवलेलं. दोन्हींत व्हिनेगर. ताईने दोन्हींत लोकरीचा एकेक गुंडा सोडला. उकळी येईपर्यंत आणि पुढेही बराच वेळ रेडिओ बोलत राहिली. तिने विनोद सांगितले, कोडी घातली, स्वतःच्या आजोबांच्या घोरण्याची नक्कल केली. एवढं बोलायला मिळाल्याचा आनंद तिला आयुष्यभर पुरला असता.

"आणि आता मला एक मदतनीस हवा!" ती म्हणाली. "या शिबिरातले सगळ्यात स्वच्छ हात कोणाचे?"

"केटररकाकांचे!" मुलं ओरडली.

केटररकाका लाजत, हसत पुढे आले आणि त्यांनी बाह्या सारल्या. ताईने त्यांच्यासमोर बादली ठेवली, साबण दिला आणि गुलाबी गुंडा हातात दिला. काकांनी चोळला. पाणी गुलाबी झालं आणि लोकर पांढरी! टाळ्या पडल्या.

"बिटाचाच रंग तो!" काका पालकांकडे वळून म्हणाले. "आमच्याकडे सगळं असं असतं!"

मग ताईने तपकिरी गुंडा दिला. "हा साध्या टेबलावरच्या पुडिंगचा, काका."

काकांनी साबण लावला आणि चोळलं. फेस आला. धुतलं. लोकर तपकिरीच. "निघेल, निघेल," ते म्हणाले. परत चोळलं. कपाळावर घाम आला. मुलं हसत होती, पालकही हसत होते. काका आणखी जोराने घासायला लागले आणि हळूहळू आयांचं हसणं थांबलं.

"काका," ताई म्हणाली, "नुसता कोको असता तर निघाला असता ना?"

"अगं, पण हा रंग नाही!" काका चिडून म्हणाले. "हा चॉकलेटी आहे! रंग मी कुलपात ठेवतो! ही बघा किल्ली! आणा रे तो डबा, दाखवा यांना!"

मोठ्या बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, पण आचारी डबा घेऊन आलासुद्धा. काकांनी तो उंच धरला. बाहेर मोठ्या अक्षरांत 'चॉकलेटी' एवढंच लिहिलं होतं.

तेवढ्यात आई उठली. ती पुढे आली आणि तिने काकांच्या हातातून डबा घेऊन उलटा केला. गेली कित्येक वर्षं ती दुकानात उभी राहून प्रत्येक पुडा असाच उलटा करून वाचत आली होती. बुडाशी मुंगीएवढी अक्षरं होती. तिने ती वाचली आणि मोठ्याने म्हणाली, "खाण्याचा कृत्रिम रंग. यात लाल आहे. पिवळा आहे. निळा आहे."

भिंगरीची आई भिंगरीला जवळ ओढून घेत होती.

"तपकिरी..." काका हळूच म्हणाले. "तपकिरी म्हणजे... मला वाटलं, तो काय रंग असतो?" त्यांच्या हातातून अजून फेस गळत होता. "मी दोन दोन वाट्या द्यायचो त्याला. लाडाने द्यायचो हो!"

ते खोटं बोलत नव्हते. ताईला त्यांचा फार राग आला होता, आणि ते खोटं बोलत नाहीत हे कळल्यावर तो राग कुठे ठेवायचा तेच तिला कळेना.

मोठ्या बाई मात्र पटकन सावरल्या. त्यांनी माइक घेतला. "पाहिलंत! आमच्या शिबिरात मुलं कशी विचार करायला शिकतात! केवढी चिकाटी, केवढी हुशारी! टाळ्या होऊ द्या या छोट्या शास्त्रज्ञांसाठी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांनी ढापण्याची पाठ थोपटली. कोणीतरी रेडिओला म्हणालं, "पोरी, नाव काढशील!" ताईच्या डोक्यावरून तर किती हात फिरले! बाईंनी बक्षिसाचा डबा मागवला आणि कौतुकाने बारक्याच्या हातात ठेवला. बारक्याने झाकण उघडलं. डबा लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला होता.

त्याने झाकण लावलं आणि डबा टेबलावर परत ठेवला.

"अरे, खरंच की! विसरलेच मी!" बाई हसल्या. "बरं, झालं गेलं विसरून जायचं हं बाळा! आता घरी जायची काही गरज नाही. उद्या नावेची दुसरी फेरी आहे. मग? राहणार ना?"

"नाही," बारक्या म्हणाला.

"का रे? आता तर सगळ्यांना कळलं तू खरं बोलत होतास."

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, रडवेला वगैरे नव्हता. "रोज सांगत होतो. माझं कोणी ऐकलं नाही. दोऱ्याने सांगितलं तेव्हा ऐकलंत."

मोठ्या बाईंनी माइक खाली घेतला. आईने पदर तोंडाला लावला होता आणि ती बारक्याकडे बघू शकत नव्हती. बारक्याने आपली पिशवी खांद्याला अडकवली. मग त्याने ताईकडे पाहिलं.

"तू पण," तो म्हणाला आणि दाराकडे चालायला लागला.